जनाबाई विठ्ठलावर ‘रागावली आहे’, एवढंच? मुलांना लेखनातला सूर कसा शिकवायचा?

लष्करवाली

मंडळी, सल्ला हवा आहे आणि जरा नेमका हवा आहे.

मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहते. आठवडाभर शाळेत हिंदी शिकवते आणि रविवारी सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग घेते. मुलं आठवी ते दहावीची. घरात आजीशी मराठी, बाकी सगळं जग हिंदी. वाचतात बरं, लिहिताना वेलांट्यांचा गोंधळ असतो, पण गोष्ट काय आहे ते समजतं. अडतं ते पुढे.

मागे जनाबाईंचा ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ हा अभंग घेतला. (एक ओळ गाळून. पालक मागच्या बाकावर बसलेले असतात.) प्रश्न दिला, बोलणारीचा सूर कसा आहे? बहुतेक सगळ्यांचं उत्तर एकच : ‘जनाबाई विठ्ठलावर रागावली आहे.’ एका चिरंजीवांनी कारणही पुरवलं, ‘कारण त्या दिवशी तो दळायला आला नाही.’ आणि एका मुलीने लिहिलं, ‘ती देवाला तू म्हणते, हे बरोबर नाही.’ ही मुलगी घरी आईलासुद्धा ‘आप’ म्हणते. हिंदीतला ‘तू’ तिच्या कानाला भांडणातलाच माहीत. मराठीत आईला आणि देवाला ‘तू’च म्हणतात, बाबांना मात्र ‘तुम्ही’, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. सांगायची गोष्ट आहे असं घरात कुणाला वाटलंच नसणार.

आता गंमत बघा. हीच मुलं हिंदीच्या तासाला कबीराचं ‘पाहन पूजे हरि मिलै, तो मैं पूजूँ पहार’ ऐकलं की लगेच फिसकन हसतात. बाड्यावरचा कचोरीवाला ‘हाँ हाँ, आप ही के लिए तो बैठे हैं सुबह से’ म्हणाला तर टोमणा बरोबर झोंबतो. म्हणजे कान शाबूत आहेत. मराठी समोर आली की ते मिटतात कसे?

फळ्यावर यादी लिहून झाली : उपरोधिक, मिश्किल, करुण, आर्जवी, तटस्थ, गंभीर. यादी तोंडपाठ झाली आणि मग लॉटरी सुरू. कुठलीही ओळ द्या, ‘उपरोधिक’. शब्द वजनदार वाटतो ना.

लिहायला सांगितलं तर त्याहून वाईट. ‘आमची सहल’ आणि ‘आजोबा गेले तो दिवस’, दोन्हींचा शेवट : ‘हा दिवस मी कधीच विसरणार नाही.’

तर ओळखायला कसं शिकवायचं आणि त्यांच्या हातून एखादा सूर लागेल असं काय करायचं? ‘वाचन वाढवा’ हे उत्तर कृपया देऊ नका. ते मीही पालकसभेत देते.

विंगेतला

नाटकवाला आहे, म्हणून आमच्या पद्धतीने सांगतो. मोठ्याने वाचायला लावा. एकच शब्द द्या : ‘आलास?’ परीक्षेत नापास होऊन आलेला मुलगा, रात्री दीडला दार वाजवणारा नवरा, दोन वर्षांनी परदेशातून आलेला भाऊ, उधारी मागायला आलेला शेजारी. प्रत्येकाला तोच शब्द म्हणायचा. अर्ध्या तासात सूर म्हणजे काय ते कळतं. व्याख्या लागत नाही.

लष्करवाली

विंगेतले, हे करून पाहिलं आहे, मुलांना धमाल येते. पण माझी अडचण याच्या उलट्या बाजूची आहे. ‘आलास?’मध्ये सूर तुम्ही बाहेरून घालता, शब्दात तो नाहीच. छापलेल्या पानावर नट नसतो. आमच्याकडे एक मुलगा इतका गोड वाचतो की बसचं वेळापत्रक वाचलं तरी मागच्या बाकावरच्या आज्या पदर डोळ्यांना लावतील. त्याने वाचलं की सगळंच करुण. मला ओळीत कुठे बोट ठेवायचं ते शिकवायचं आहे.

अण्णा_सेवानिवृत्त

हे ‘सूर सूर’ काय नवीन काढलंत? आपल्याकडे नऊ रस आहेत, ते नीट शिकवा. आम्ही पस्तीस वर्षं तेच शिकवलं. शृंगार, वीर, करुण… मुलं पासही झाली आणि कविताही म्हणतात अजून.

डोहाकाठी

अण्णा, रसांशी भांडण नाही, पण बाईंचा प्रश्न वेगळा आहे. रस येतो वाचणाऱ्याला. बाई विचारताहेत ते बोलणाऱ्याबद्दल : तो आपल्या विषयापासून किती लांब उभा आहे, कुणाशी बोलतोय, आणि म्हणतो ते त्याला खरंच म्हणायचं आहे का. जनाबाई शिव्या देते म्हणून तुम्हाला रौद्र रस येतो का? नाही ना? मग ‘रौद्र’ लिहिणाऱ्या पोराचं चुकतं कुठे, ते रसांची यादी सांगत नाही.

तुमच्याच शिदोरीतलं घ्यायचं तर व्याजस्तुती घ्या. निंदेच्या आडून स्तुती, स्तुतीच्या आडून निंदा. आपण ती अलंकारांच्या प्रकरणात एका उदाहरणासकट पाठ करून मोकळे होतो.

बाई, तुमच्या अभंगाच्या शेवटाकडे मुलांना घेऊन जा. ‘तुझें गेलें मढें, तुला पाहुनी काळ रडे.’ पहिल्या अर्ध्यात मर मेल्या म्हणते आणि दुसऱ्या अर्ध्यात ज्याला बघून काळच रडतो त्याला मरण कसलं? शाप तोंडातून निघाला तोच बोथट होऊन. आणि मग ‘उभी राहूनी आंगणीं, शिव्या देत दासी जनी.’ इथे थांबा. खरा संतापलेला माणूस मध्येच बाजूला होऊन ‘पाहा, ही अंगणात उभी राहून शिव्या देते आहे’ असं स्वतःचं वर्णन करत नाही. ती स्वतःकडे बघते आहे, बहुतेक गालात हसत. शिवाय स्वतःला ‘दासी’ म्हणते. दासीने मालकाला अंगणातून, चारचौघांत, कारट्या म्हणायचं म्हणजे नातं काय असेल ते मुलांनाच विचारा.

ग्वाल्हेरचं आणखी एक घरचं उदाहरण देतो. भा. रा. तांबे तुमचे राजकवी, 1941 मध्ये वारले तेही तुमच्याच गावात. ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ मुलांनी लता मंगेशकरांच्या आवाजात ऐकलेलं असतं, म्हणून विचारलं की ‘दुःखी’ म्हणतात. गाणं बंद करा, कागद द्या. ‘पळभर’वर बोट ठेवा. पळ म्हणजे 24 सेकंद. तिथे ‘जन्मभर’ घालून वाचा, मग खरंच रडगाणं होतं. पुढे ‘सखेसोयरे डोळे पुसतील, पुन्हा आपल्या कामि लागतील, उठतील, बसतील, हसुनि खिदळतील’. ‘खिदळतील’ खोडून ‘सावरतील’ लिहा. सगळा डंख गेला. नातेवाइकांबद्दल जरा तिरकस बोलणारा माणूस होता तो एकदम सद्गृहस्थ झाला. आणि शेवटच्या कडव्यात ‘का जिरवु नये शांतीत काय’ इथे तिरकसपणाही उरत नाही. म्हणजे एका कवितेला एकच लेबल चालत नाही, सूर मधेच वळण घेतो, हेही पदरात पडतं.

फक्त कवीच्या चरित्रापासून सावध राहा. ‘औदुंबर’ शिकवताना मी आधी सांगून बसायचो की बालकवी 1918 साली रेल्वे अपघातात, तिशीच्या आत गेले. झालं, वर्गातल्या प्रत्येकाला कविता ‘उदास’. आता चरित्र शेवटी सांगतो. आधी फक्त रंग शोधायला लावतो. हिरवाळी, निळासावळा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, आणि मग काळा डोह, ‘गोड काळिमा’. एक गट म्हणतो उदास, कारण वाट डोहाकडे जाते. दुसरा म्हणतो छे, काळिमा ‘गोड’ आहे आणि झाड पाण्यात पाय सोडून निवांत बसलंय. दोन्ही गटांना मार्क देतो, बोट ठेवलं असेल तर. मोठमोठ्या समीक्षकांचंही त्या झाडाबद्दल एकमत नाही, दहावीच्या मुलांचं कशाला हवं?

सराफ्यातली_रात्र

इंदूरहून. आमचीही मुलं तशीच, फरक एवढाच की ती ‘भैया’ला ‘भिया’ म्हणतात. ओळखण्याचं वर आलं आहे, मी लिहिण्याचं सांगते. माझ्या मते आधी लिहायलाच लावावं, ओळखणं मागून येतं.

विषय एकदम रुक्ष द्यायचा. माझा ठरलेला : ‘उद्या सकाळी पाणी येणार नाही.’ एवढीच बातमी, पण प्रत्येकाने वेगळ्या माणसाच्या तोंडून, वेगळ्या माणसाला सांगायची. अट एकच. राग, दुःख, आनंद, कंटाळा, चिंता हे शब्द आणि त्यांचे सगळे भाऊबंद बंद. माझ्याकडचे नमुने :

नगर निगम : ‘जलवाहिनीच्या दुरुस्तीकामी उद्या सकाळचा पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी सहकार्य करावे.’

आजी : ‘उद्या पाणी नाही म्हणे. भरून ठेवा रे बाबांनो, मग माझ्या नावानं शंख नको.’

तिसऱ्या मजल्यावरचे काका, सोसायटीच्या ग्रुपवर : ‘उद्या पाणी येणार नाही. ज्यांच्या टाक्या रात्री दोनपर्यंत ओसंडून वाहतात, त्यांना अर्थातच काही फरक पडणार नाही.’

पाचवीतला भाऊ : ‘उद्या पाणी नाही! अंघोळ नाही!!’

आणि हे एका नववीतल्या मुलीचं, मी जपून ठेवलंय. घरची सून : ‘उद्या पाणी नाही. आज रात्री भरावं लागेल. भरते.’

शेवटचं वाचल्यावर वर्ग गप्प झाला होता. कुठे तक्रार नाही, विशेषण नाही. ‘भरते’ आणि पूर्णविराम. मी विचारलं, ‘ठीक आहे, भरते ना मी’ असं असतं तर? मुलं म्हणाली, मग ती भांडली असती.

दुसऱ्या दिवशी कागद अदलाबदल. कोण बोलतंय, कुणाशी, आणि कुठल्या शब्दावरून कळलं ते अधोरेखित करायचं. मग तो शब्द खोडून पुन्हा वाचायचं. खोडूनही माणूस तोच वाटला तर तुमचा अंदाज चुकला, शब्द दुसराच आहे, शोधा. आजीचं ‘म्हणे’ खोडा, बातमीवरचा तिचा अविश्वास गेला. काकांचं ‘अर्थातच’ खोडा, निम्मं विष गेलं. वयाने मोठी मुलं असतील तर हेही द्या : ‘साहेब आले.’ ‘साहेब आले म्हणे.’ ‘साहेब आलेच.’ ‘आले बाई साहेब!’ ‘साहेबांचं आगमन झालं.’ साहेब तोच, दार तेच. बोलणाऱ्याचा चेहरा दर वेळी निराळा. मराठीत हे काम नाम-विशेषणं फारशी करत नाहीत, ही चिल्लरच करते : च, ना, की, बरं, म्हणे, आपला, बाई. व्याकरणाच्या तासाला आपण तिला ‘अव्यय’ म्हणतो आणि पुढच्या पानावर जातो.

लष्करवाली

सराफ्यातल्या ताई, रविवारी तुमचं पाणी आमच्याकडे सोडलं. सविस्तर लिहिते, कारण मला जे सापडलं ते अपेक्षेपेक्षा वेगळंच होतं.

आजी सगळ्यांना जमली. सगळ्यांना! वेलांट्या चुकीच्या, पण आजी अस्सल. एकाची आजी म्हणते, ‘उद्या पाणी नाही. तुम्हाला काय, तुम्ही पालथे पडून मोबाइल बघा.’ मी विचारलं, आजी चिडली आहे का? तो जरा गोंधळून म्हणाला, ‘नाही, आजी अशीच बोलते. चिडली की बोलतच नाही.’ तेवढ्यात ती ‘आप’वाली मुलगी मागून म्हणाली, ‘मग जनाबाईपण आजीसारखीच बोलते.’ डोहाकाठी, तुमचा शेवटच्या ओळीचा मुद्दा मी पिशवीतून काढायच्या आधीच काम झालं. तरी काढलाच, ‘दासी’वर बराच वेळ वाद रंगला.

पण नगर निगमची नोटीस एकालाही आली नाही. ‘सूचित केलं जातं आहे की’ असं हिंदीचं मराठी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचंही तेच, तो तिरकस सभ्यपणा त्यांना हिंदीत झकास येतो, मराठीत तो कसा दिसतो हेच माहीत नाही. आणि मग लक्षात आलं की या मुलांनी आयुष्यात मराठी ऐकली आहे ती एकाच सुरात, घरच्या. मराठीत कुणी त्यांना दंड ठोठावलेला नाही, बँकेत बसवून ठेवलेलं नाही, मराठीत कुणी दुकानदार त्यांच्याशी खोटं गोड बोललेला नाही. पुण्या-नागपूरच्या मुलाला हे दहा आवाज बसस्टॉपवर फुकट मिळतात. कवितेत भाषा घरच्या वाटेवरून जरा सरकली तर माझ्या मुलांना ती सरकली हे जाणवणार कशाच्या तुलनेत? त्यांना ते फक्त ‘कठीण मराठी’ वाटतं. माझी सहा शब्दांची यादी का फुकट गेली, त्याचं उत्तर मला यात दिसतं. 1961 साली या गावात अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं होतं, अध्यक्ष कुसुमावती देशपांडे. तेव्हा कदाचित इथल्या दुकानांतही निरनिराळ्या तऱ्हेची मराठी कानावर पडत असेल. आता ती आयात करावी लागणार.

तर पुढचा प्रश्न. घराबाहेरच्या मराठीचे छोटे, खरे नमुने काय काय आणता येतील? लांब नकोत, पाच-सहा ओळींचे. निमंत्रणपत्रिका आणि निधनवार्ता मी गोळा करते आहे.

जुना_बडोदेकर

बाई, जुनी पत्रं आणा. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदं, आपल्या गावांत एवढी एक इस्टेट अजून शिल्लक आहे. कुणाच्याही माळ्यावरच्या ट्रंकेत सापडतील.

आणि पत्रातही आधी फक्त मायना वाचा. चि., ती. (तीर्थरूप), सौ., श्रीमंत, रा. रा. (राजमान्य राजेश्री). ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, बरोबरीच्याला किंवा मोठ्याला. ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद, धाकट्याला. मुलांना ही संक्षिप्त रूपं कोड्यासारखी आवडतात. एकदा ती कळली की पत्र उघडताच लिहिणारा कुठे उभा आहे ते दिसतं, आणि मग कुणी ती मोडली की लगेच खटकतं.

आमच्या घरातलं सांगतो. आजोबा मुंबईला शिकणाऱ्या माझ्या काकांना नेहमी ‘चि. बाळ यास अ. उ. आ.’ असं लिहीत. एका कार्डावर मात्र ‘रा. रा. बाळासाहेब यांस सा. न. वि. वि.’ खाली दोनच ओळी : ‘आपले पैसे संपल्याचे कळले. आपण आमच्याकडून अपेक्षा ठेवता हा आमचा बहुमान आहे.’ मी हे कार्ड नातवंडांना दाखवलं, त्यांची मराठी गुजरातीत मुरलेली आहे, तरी नेहमीची चार पत्रं आधी वाचलेली असल्यामुळे पाचव्याला एकदम ओरडली, ‘आजोबा भडकले!’ ते कार्ड एकटं दिलं असतं तर म्हणाली असती, किती आदराने लिहिलंय.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी नेहमीची चार, मग ते एक. सणसणीत नमुना पहिल्यांदा दाखवू नका.

विंगेतला

बडोदेकर, ते कार्ड नाटकात घेऊ का? माझं मोठ्याने वाचण्याचं तुणतुणं तूर्तास बंद. पण बाई, शेवटी एकदा वाचून घ्याच. आधी बोट, मग आवाज. उलट नको, एवढं पटलं.

लष्करवाली

बडोदेकर, अगदी हेच हवं होतं. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी सरदारांच्या वेळची ट्रंक आहे असं ऐकून आहे, त्याच्या आजीला आधी पटवायला हवं.

राहता राहिले मार्क. डिसेंबरात मंडळाची परीक्षा आहे आणि समितीला उत्तरपत्रिकेत ‘योग्य उत्तर’ हवं असतं. ‘मिश्किल’ला किती, आणि ‘प्रेमळ’ लिहिलं तर कापायचे का?

सराफ्यातली_रात्र

मी नुसत्या नावाला शून्य देते. शब्दावर बोट ठेवलं तर दोन. तो शब्द बदलून काय होतं ते लिहिलं तर आणखी दोन. त्याच सुरात स्वतःची एक ओळ लिहिली तर पाचवा. ‘मिश्किल’ की ‘प्रेमळ’ यावर मी भांडत नाही. ‘रागीट’ लिहून कुणी बोट ठेवून पटवलं तर ऐकूनही घेते, अजून कुणी पटवलेलं नाही.

अण्णा_सेवानिवृत्त

नावाला शून्य फार होतं. मुलाने शब्द शोधून काढलाय, पाठ केलाय. अर्धा द्या.

लष्करवाली

अण्णा, अर्धा दिला. ‘उपरोधिक’ सोडून.